मेड इन काय? नवी इलेक्ट्रिक गिटार पारखून घेताना

गिटार हातात आली की आपल्यातले बरेच जण ती आधी उलटी करतात. वाजवायचं राहतं बाजूला, हेडस्टॉकच्या, म्हणजे तारा पिळायच्या खुंट्या असतात त्या टोकाच्या, मागे बारीक अक्षरांत काय छापलंय ते वाचतात. ‘जपान’ दिसलं की मान डोलते, ‘मेक्सिको’ दिसलं की ‘ठीक आहे’, आणि ‘इंडोनेशिया’ किंवा ‘चीन’ दिसलं की गिटार हळूच परत जागेवर जाते. मीही वर्षानुवर्षं हेच केलं. त्या नादात एकदा ऐपतीबाहेरचे पैसे घालून ‘चांगल्या’ देशातली गिटार घेतली. दिसायला देखणी. पण तिसरी तार, म्हणजे जी, दर गाण्याला उतरायची. सुरात लावताना नटापाशी, म्हणजे हेडस्टॉकच्या तोंडाशी तारा ज्या खाचांच्या पट्टीवरून जातात तिथे, बारीक ‘टिंग’ व्हायचं आणि सूर एकदम उडी मारायचा. मी खुंट्यांना दोष दिला, खुंट्या बदलल्या, तरी तेच. शेवटी सेटअप (तारांची उंची, नेकचा बाक, सूर यांची जुळवणी) करणाऱ्या एका कारागिराने तार बाजूला केली, नटाच्या खाचेत पातळ कानस चार वेळा फिरवली, पेन्सिलचं शिसं घासलं आणि तार परत बसवली. पाच मिनिटांचं काम. ही पाच मिनिटं कारखान्यात कुणी खर्चली नव्हती.

गिटारच्या किमतीचं गणित बरंचसं अशा मिनिटांचं असतं. बॉडी कापणं, नेकला, म्हणजे मानेला, आकार देणं, पिकअपचे (तारांची कंपनं विजेत बदलणाऱ्या चुंबक-कॉइलचे) खड्डे कोरणं ही कामं आज अमेरिकेतही आणि इंडोनेशियातही संगणकावर चालणारी सीएनसी यंत्रंच करतात. फरक पडतो तो त्यानंतर. फ्रेट, म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, बसवल्यावर ते एका पातळीत घासणं, त्यांचे माथे पुन्हा गोलसर करणं, टोकं बोचू नयेत म्हणून कानशीने मोडणं, नटाच्या सहा खाचा सहा वेगवेगळ्या जाडीच्या कानशींनी नेमक्या खोलीपर्यंत नेणं, या सगळ्याला हात लागतो आणि वेळ लागतो. शिक्क्यावरून मजुरीचा दर कळतो. तुमच्या हातातल्या गिटारवर किती मिनिटं खर्ची पडली ते कळत नाही, ते आपणच तपासायचं असतं. कसं तपासायचं, ते क्रमाने सांगतो.

पायरी १ : आधी जात ठरवा

यावर फार वेळ घालवू नका, पण वगळूही नका. दोन गोष्टी ठरल्या की निम्मी निवड होते. पहिली, स्केल लेंथ, म्हणजे नटापासून ब्रिजपर्यंत (बॉडीवर तारा टेकतात तिथपर्यंत) तारेची मोकळी लांबी. फेंडर कंपनीच्या घराण्यात ती २५.५ इंच (६४८ मिमी) असते, गिब्सन कंपनीच्या घराण्यात साधारण २४.७५ इंच (६२८ मिमी), आणि पीआरएस (पॉल रीड स्मिथ) कंपनीच्या बहुतेक मॉडेलांत २५ इंच. लांबी कमी की त्याच जाडीच्या तारा त्याच सुरात सैल लागतात, बेंड करायला, म्हणजे बाजूला ओढून सूर चढवायला, हलक्या जातात. दुसरी, पिकअप. सिंगल कॉइलचा आवाज स्वच्छ आणि टोकदार, पण तो विजेच्या लाइनची ५० किंवा ६० हर्ट्झची घरघर उचलतोच. हंबकर दोन कॉइल उलटसुलट जोडून ती घरघर मारतो आणि आवाज जाड करतो. जड डिस्टॉर्शनमध्ये, म्हणजे मुद्दाम फाडलेल्या आवाजात, रमणाऱ्याने केवळ दिसायला आवडली म्हणून सिंगल कॉइलची गिटार घेतली, तर महिन्याभरात कुरकुर सुरू होते आणि तिचं खापर बिचाऱ्या कारखान्यावर फुटतं.

पायरी २ : सगळे पैसे गिटारवर घालू नका

ॲम्प, केबल, जादा तारा, पट्टा यांचे पैसे आधी वेगळे काढा. त्याखेरीज गिटारच्या किमतीचा साधारण दहावा हिस्सा सेटअपसाठी बाजूला ठेवा. मधल्या दर्जाची गिटार नीट सेटअप करून घेतली, तर वरच्या दर्जाच्या पण जशी खोक्यातून निघाली तशीच वाजवलेल्या गिटारपेक्षा ती हाताला बरी लागते. हे मी वाद घालण्याच्या तयारीने लिहितोय.

पायरी ३ : शिक्का वाचा, पण त्यामागचा इतिहास ठेवून वाचा

‘अमेरिकन म्हणजे उत्तम, बाकी सगळे नकलाकार’ ही समजूत इतिहासातच टिकत नाही. लिओ फेंडरने १९४६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या फुलरटनला फेंडर कंपनी काढली, १९५४ मध्ये तिची स्ट्रॅटोकास्टर (स्ट्रॅट) ही गिटार आली, आणि १९६५ मध्ये कंपनी सीबीएस या अमेरिकन प्रसारण कंपनीने विकत घेतली. सत्तरच्या दशकातल्या अनेक फेंडर गिटार जड, नेकचा सांधा ढिला, वरून लॅकरचा जाड थर अशा निघाल्या. नेमक्या त्याच काळात जपानी कारखाने अमेरिकन गिटारच्या नकला इतक्या बारकाईने करू लागले की १९७७ मध्ये गिब्सनच्या मालक कंपनीने, म्हणजे नॉर्लिनने, आयबानेझ या जपानी ब्रँडच्या अमेरिकन वितरकाला हेडस्टॉकच्या आकारावरून कोर्टात खेचलं. प्रकरण तडजोडीवर मिटलं आणि आयबानेझने स्वतःचे आकार काढले.

फेंडरने वेगळी वाट धरली. १९८२ मध्ये फेंडर जपान उभी राहिली, मात्सुमोतोच्या फुजिगेन कारखान्यात गिटार बनू लागल्या, आणि त्याच वर्षी स्क्वायर हे फेंडरच्या स्वस्त ब्रँडचं नाव गिटारवर आलं. सुरुवातीच्या ‘जेव्ही’ क्रमांकाच्या त्या जपानी स्क्वायर आज जुन्या बाजारात लोक शोधत फिरतात. १९८५ मध्ये फेंडरचे तेव्हाचे प्रमुख बिल शुल्ट्झ आणि सहकाऱ्यांनी सीबीएसकडून फेंडर विकत घेतली, तेव्हा सौद्यात फुलरटनचा कारखाना नव्हताच. कॅलिफोर्नियातल्या करोनाचा कारखाना उभा राहीपर्यंत कंपनीचा डोलारा मुख्यतः जपानवर तोलला गेला. ‘खरी’ फेंडर कुठली, असा प्रश्न तेव्हा कुणी विचारला असता तर उत्तर देणारा गोंधळलाच असता. १९८७ मध्ये सीमेपलीकडे मेक्सिकोतल्या एन्सेनाडाला कारखाना निघाला आणि ‘अमेरिकन की मेक्सिकन’ हा कधीही न संपणारा वाद जन्माला आला.

एपिफोन या गिटार कंपनीचा प्रवास आणखी बोलका आहे. गिब्सनने ती १९५७ मध्ये विकत घेतली, १९७० च्या सुमारास उत्पादन जपानला गेलं, ऐंशीच्या दशकात कोरियाला, आणि पुढे चीनमधल्या चिंगदाओला. कारण सरळ आहे. ज्या देशातले कामगार तरबेज होतात, तिथली मजुरी वाढते, आणि स्वस्त गिटारचं उत्पादन पुढच्या देशात सरकतं. मागे राहतात ते अनुभवी हात, जे मग महाग गिटार बनवतात. ‘मेड इन जपान’ ही एकेकाळी हेटाळणी होती, आज तो भाव वाढवणारा शिक्का आहे. कोरियाचंही तेच होताना दिसतं. पीआरएसने २००१ मध्ये एसई ही स्वस्त मालिका कोरियात सुरू केली, पुढे तिचं बरंच उत्पादन इंडोनेशियात गेलं. आता लोक जुन्या कोरियन एसईबद्दल हळवे होऊन बोलतात.

यातून खरेदीसाठी उपयोगी अशा तीन गोष्टी निघतात.

मॉडेलचं नाव तेच राहून देश बदलू शकतो. स्क्वायरची क्लासिक व्हाइब मालिका २००८ मध्ये चीनमध्ये सुरू झाली आणि २०१९ पासून इंडोनेशियात बनू लागली. फेंडरची ‘स्टँडर्ड’ वर्षानुवर्षं मेक्सिकोत बनायची. २०१८ मध्ये तिची जागा ‘प्लेअर’ने घेतली. २०२५ मध्ये ‘स्टँडर्ड’ हे नाव परत आलं, पण गिटार इंडोनेशियात बनलेल्या. म्हणून कुणाचं जुनं परीक्षण वाचून आज खरेदी करत असाल, तर ते कुठल्या वर्षाच्या गिटारचं आहे ते आधी बघा.

दुसरं, एकाच छपराखाली अनेक ब्रँड बनतात. कॉर्ट या नावाने ओळखली जाणारी कोरियन कंपनी कॉर-टेक इंडोनेशियातल्या आपल्या कारखान्यात स्वतःच्या गिटार बनवतेच, शिवाय स्क्वायर, आयबानेझ, पीआरएस एसई यांच्यासारख्या इतरांच्याही बनवून देते. ज्याने जेवढा दर ठरवला, तेवढे सुटे भाग आणि तेवढी तपासणी. ‘एकाच कारखान्यातल्या म्हणजे सारख्याच’ हे म्हणणं एकाच स्वयंपाकघरातला चहा आणि बासुंदी सारखीच म्हणण्यासारखं आहे. उलट यामाहाचे इंडोनेशियातले कारखाने तिचे स्वतःचे आहेत, आणि पॅसिफिकासारख्या सुरुवातीच्या टप्प्यावरच्या मॉडेलमध्ये नगानगातला फरक कमी सापडतो, हा माझा अनुभव.

तिसरं, एका गिटारमध्ये अनेक देश असतात. पीआरएसने २०१३ मध्ये एस२ मालिका आणली. ती अमेरिकेत मेरिलँडला बनायची, पण सुरुवातीच्या एस२ मध्ये पिकअप परदेशातून आलेले असायचे. तेव्हा शिक्का वाचून झाला की ‘पिकअप कुठले, ब्रिज कुठला’ हेही विचारा.

सिरियल नंबर वाचायला शिकून घ्या, सोपं आहे. मेक्सिकन फेंडरवर २०१० पासून ‘एमएक्स’ आणि पुढे वर्षाचे दोन आकडे येतात. स्क्वायरवर ‘आयसीएस’ असेल तर इंडोनेशिया, कॉर्ट, स्क्वायर. अलीकडच्या बहुतेक एपिफोनवर पहिले दोन आकडे वर्ष, पुढचे दोन महिना, त्यानंतर कारखान्याचा संकेत. नकली गिब्सनचा धंदाही जोरात चालतो. तिथे सिरियल नंबरवर विसंबू नका, तो कुणीही छापतो. हेडस्टॉकवरचं ट्रस रॉडचं (नेकच्या आतल्या, बाक सुधारणाऱ्या धातूच्या सळईचं) झाकण बघा. गिब्सनच्या झाकणाला दोन स्क्रू असतात. तीन दिसले तर तिथून निघा.

पायरी ४ : कुठे पैसे वाचवलेत ते शोधा

तुलना करताना ‘ही भारी, ती हलकी’ असं मोघम बोलून भागत नाही. एकाच आकाराच्या तीन दर्जांच्या गिटार शेजारी ठेवा आणि नेमकं काय काढून घेतलंय ते बघा.

सगळ्यात आधी कात्री लागते ती न दिसणाऱ्या जागी. वरच्या दर्जात व्हॉल्यूम-टोनचे पॉट (नॉबखालचे फिरणारे भाग) मोठ्या तबकडीचे, खालच्या दर्जात लहान. लहान पॉट लगेच बिघडतात असं नाही, पण फिरवताना त्यांचा चढउतार गुळगुळीत नसतो: दहावरून आठवर आवाज ढिम्म हलत नाही आणि तीनवर एकदम गायब होतो. ट्रेमोलो ब्रिजच्या (दांडीने सूर हलवता येणाऱ्या ब्रिजच्या) खालचा ठोकळा स्वस्त गिटारमध्ये बऱ्याचदा जस्ताच्या मिश्रधातूचा आणि पातळ असतो, महागात पोलादाचा आणि भरीव. पिकअपमध्ये अल्निको या मिश्रधातूच्या चुंबकाऐवजी सिरॅमिक चुंबक हे बचतीचं लक्षण मानतात, पण सिरॅमिक म्हणजे वाईट असं समीकरण मांडू नका. जड वाजवणाऱ्यांना त्याचा करकरीतपणा आवडतो. गंमत म्हणजे हा फरक देशाचा नसून दर्जाचा आहे. एन्सेनाडाच्याच जुन्या मेक्सिकन स्टँडर्ड स्ट्रॅटमध्ये सिरॅमिक चुंबक आणि २१ फ्रेट होते, तर २०१८ च्या प्लेअरमध्ये अल्निको आणि २२ फ्रेट. कारखाना तोच, ठरवलेले भाग वेगळे.

लाकडाबद्दल लोक फार गहिवरून बोलतात. बॉडी किती तुकड्यांची, वर पातळ सुंदर पापुद्रा चिकटवलाय की खरोखर जाड मेपल आहे, हे बघावं. पण फिंगरबोर्ड, म्हणजे नेकवरची फ्रेट बसवलेली फळी, रोजवुडचा नसून लॉरेल किंवा पाउ फेरोचा आहे म्हणून नाक मुरडू नये. २ जानेवारी २०१७ पासून सगळ्या रोजवुडच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स या संकटग्रस्त प्रजातींच्या व्यापाराविषयीच्या कराराची बंधनं आली. तयार वाद्यांसाठीसुद्धा कागदपत्रं लागू लागली, म्हणून कंपन्यांनी अनेक निर्यातीच्या मॉडेलांवर दुसरी लाकडं आणली. २०१९ च्या नोव्हेंबरअखेरीस तयार वाद्यांना सूट मिळाली, फक्त ब्राझिलियन रोजवुडला नाही. मधल्या काळातल्या बऱ्याच गिटारवर ते फिकट फिंगरबोर्ड दिसतात. त्यामागे कागदपत्रांचा ताप होता, कारागिरीतली काटकसर नव्हे.

एक उलटी गोष्ट. गिब्सनच्या हेडस्टॉकला मागे चांगलाच कोन असतो आणि नेक सहसा महोगनीच्या सलग तुकड्याची. गिटार पाठीवर पडली की नेमकी तिथेच मोडते, हे जगजाहीर आहे. आशियात बनणाऱ्या अनेक स्वस्त गिटारमध्ये लाकूड वाचवण्यासाठी हेडस्टॉक वेगळा कापून तिरक्या सांध्याने चिकटवतात. त्यामुळे लाकडाचे धागे हेडस्टॉकच्या दिशेने सरळ राहतात आणि त्या जागी ती जास्त तग धरते. नेकच्या मागे ती तिरकी रेघ दिसली तर लगेच ‘जोडलेली आहे’ म्हणून घाबरू नका.

पायरी ५ : हातात घ्या, आणि याच क्रमाने तपासा

ॲम्प बंद. आधी गिटार सुकीच वाजवायची. ॲम्पचा आवाज चालू झाला की कान भुलतात.

नेकपासून सुरुवात करा. बॉडीच्या बाजूने एक डोळा मिटून फिंगरबोर्डच्या कडेवरून हेडस्टॉककडे बघा. किंचित खोलगट बाक हवा, पीळ नको. बाक ट्रस रॉडने दुरुस्त होतो, पीळ होत नाही. बाक मोजायचा तर जाड ई तार पहिल्या फ्रेटवर आणि नेक बॉडीला मिळते तिथे, म्हणजे सतराव्याच्या आसपास, दाबून धरा. मध्ये सातव्या-आठव्या फ्रेटवर तारेखाली पाव मिलिमीटरच्या आसपास फट हवी. व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकलं पाहिजे. ट्रस रॉड फिरतो का, हे दुकानदारालाच फिरवून दाखवायला सांगा. स्वस्त असो की महाग, न फिरणारा ट्रस रॉड म्हणजे गिटार परत.

मग तळवा नेकच्या दोन्ही कडांवरून सावकाश फिरवा. हा सगळ्यात खरं बोलणारा भाग. फ्रेटची टोकं करवतीसारखी लागत असतील तर दोन शक्यता असतात. एक, ती कारखान्यात नीट मोडलीच नव्हती. दोन, लाकूड नंतर सुकून आकसलं आणि धातू बाहेर आला. दमट हवेत बनलेली गिटार कोरड्या हवेत येऊन पडली की दुसरं घडतं, आणि ते कितीही महाग गिटारला होऊ शकतं. मी एकदा दोन गिटारवर डोळे मिटून हात फिरवला होता. एक अमेरिकन, एक इंडोनेशियन, किमतीत तिपटीचा फरक. इंडोनेशियनच्या कडा जास्त गुळगुळीत होत्या. मात्र शेजारीच टांगलेल्या त्याच इंडोनेशियन मॉडेलच्या दुसऱ्या नगावर बाराव्या फ्रेटपाशी बोट सोललं. स्वस्त दर्जातला खरा धोका हा आहे: सरासरी वाईट नसते, पण एक नग आणि दुसरा नग यांत अंतर पडतं. म्हणून दुकानात त्याच मॉडेलचे दोन-तीन नग असतील तर सगळे उतरवून घ्या. लाजू नका.

पुढे फ्रेटची पातळी. जुन्या बँक कार्डाची सरळ कड तीनच फ्रेटवर टेकेल अशी ठेवा आणि दोन्ही टोकं आलटून पालटून दाबा. डुगडुगलं तर मधला फ्रेट उंच. वरच्या बाजूला फ्रेट जवळजवळ येतात, म्हणून कार्ड कापून एक आखूड कड करून ठेवलेली बरी. संपूर्ण नेकवर एखादा फ्रेट उचललेला असेल तर तो ठाकठीक करता येतो. चार-पाच असतील तर दुसरा नग बघा. मग प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर वाजवा. होय, १२६ ते १४४ सूर. दहा मिनिटं लागतात. सतारीत जवारीची झंकार मोलाची असते, इथे ती खरखर म्हणजे दोष. पहिल्या दोन तारा बाराव्या फ्रेटच्या वर पूर्ण स्वराने बेंड करा. सूर मध्येच गुदमरला तर पुढचा फ्रेट उंच आहे, किंवा फिंगरबोर्डची गोलाई जास्त आणि तारा फार खाली आहेत. ७.२५ इंच त्रिज्येच्या जुन्या घाटाच्या फिंगरबोर्डवर हे जास्त होतं, ९.५ किंवा १२ इंचावर कमी.

आता नट, जिथे माझा घात झाला होता. तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये दाबा आणि पहिल्या फ्रेटवरची फट बघा. कागद जेमतेम जाईल एवढी असावी. स्वस्त गिटारमध्ये ही फट हमखास जास्त असते, आणि त्यामागे कारखान्याचा हिशेब आहे. खाच जास्त खोल गेली तर तार खरखरते आणि नट फेकून द्यावा लागतो. उथळ राहिली तर नुसतं वाजवायला जड जातं आणि तक्रार कमी येते. मग घाईतला माणूस उथळच सोडतो. परिणाम तुम्हाला मोकळ्या कॉर्डमध्ये ऐकू येतो. सूर दाखवणाऱ्या ट्यूनरवर सहाही तारा बरोबर, पण ई आणि सी कॉर्ड कणसूर, कारण पहिल्या फ्रेटपर्यंत तार जास्त खाली दाबावी लागून सूर चढतो. नवशिक्यांना वाटतं आपलाच हात वाईट. खुंटी सावकाश पिळून ‘टिंग’ येतो का तेही ऐका. हे दोष किरकोळ खर्चात निघतात, म्हणून यावरून गिटार नाकारू नका, भाव करा.

दोन्ही ई तारा शेवटच्या फ्रेटपाशी फिंगरबोर्डच्या कडांपासून सारख्या अंतरावर आहेत का ते वरून बघा. एक कडेवरून घसरत असेल तर नेक वाकडी बसली आहे. बोल्टची नेक थोडी सैल करून सरळ करता येते. चिकटवलेली असेल तर नाद सोडा. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसती हलकेच स्पर्शून काढलेला सूर) आणि तिथेच दाबलेला सूर ट्यूनरवर जुळवा. जुळत नसेल तर सॅडल (ब्रिजवरचा तार टेकणारा तुकडा) मागेपुढे होऊन जुळण्याइतकी जागा उरली आहे का, एवढंच बघायचं.

शेवटी ॲम्प. स्वच्छ आवाजावर ठेवा, प्रत्येक पिकअप निवडून त्याच्या पोलवर, म्हणजे वर दिसणाऱ्या धातूच्या ठिपक्यांवर, छोट्या स्क्रूड्रायव्हरने हलकेच टकटक करा म्हणजे कुठला चालू आहे ते कळतं. नॉब शेवटपर्यंत फिरवा, खरखर ऐका. तारांना हात लावल्यावर घरघर कमी झाली पाहिजे. हात लावूनही फरक पडत नसेल तर ब्रिजला जोडलेली अर्थिंगची वायर तुटली किंवा विसरली असावी. हे मी एका नव्याकोऱ्या गिटारमध्ये पाहिलं आहे. कारखाना कुठला ते सांगत नाही, पण तो ‘स्वस्त’ देशातला नव्हता.

वजनही करा. स्ट्रॅटसारखी गिटार साधारण साडेतीन किलोच्या आसपास बरी, गिब्सनची लेस पॉल चारच्या पुढे जाते. तासभर उभं राहून वाजवायचं असेल तर खांदा हाही एक परीक्षक आहे.

पायरी ६ : न बघता मागवायची असेल तर

ऑनलाइन घेण्यात पाप नाही, पण परतीची मुदत लेखी हवी आणि परत पाठवण्याचा खर्च कुणाचा ते आधी ठरवा. विक्रेत्याला त्याच नगाचे फोटो मागा: सिरियल नंबर, नट जवळून, नेकचा सांधा, फ्रेटच्या टोकांची कड. ‘सगळ्या सारख्याच असतात’ असं उत्तर आलं तर तो विक्रेता तपासणी करत नाही एवढं कळलं. काही दुकानं पाठवण्यापूर्वी सेटअप करून देतात. थोडे जास्त पैसे पडले तरी माझी पसंती त्यांना.

पार्सल आलं की लगेच फाडू नका. समुद्रावरून, गोदामातून, ट्रकमधून आलेलं लाकूड आहे ते. खोकं खोलीत काही तास तसंच ठेवा, तापमान सारखं होऊ द्या, मग उघडा. उघडताना व्हिडिओ काढा. मग पाचव्या पायरीतली सगळी तपासणी पहिल्याच दिवशी करा. मुदत संपायच्या आदल्या रात्री केली तर काय उपयोग?

पायरी ७ : घरी आल्यावर

पहिले दोन आठवडे गिटार हवेला सरावू द्या, तारा बदला, मग सेटअप. घरातली आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांच्या आसपास असेल तर लाकूड शांत राहतं. तारेची उंची फेंडर घराण्यात सतराव्या फ्रेटवर साधारण १.६ मिमी, गिब्सन घराण्यात बाराव्या फ्रेटवर जाड बाजूला २ आणि बारीक बाजूला १.२ मिमी, हे कारखान्यांचे आकडे. तुमचा हात जड असेल तर थोडी वर ठेवा. ट्रस रॉड स्वतः फिरवणार असाल तर एका वेळी पाव फेरी, मग तारा सुरात लावून पुन्हा मोजा.

सुटे भाग बदलायची घाई नको. स्वस्त गिटार घेतल्याच्या दुसऱ्या आठवड्यात महाग पिकअप बसवणारे मी बरेच पाहिलेत, त्यात एक मीही. आधी नट, मग फ्रेटची पातळी, मग लागलेच तर पॉट आणि स्विच, आणि सगळ्यात शेवटी पिकअप. पहिल्या दोन गोष्टींनी गिटार हाताला आणि सुराला बदलते. पिकअप बदलून फक्त आवाज बदलतो, आणि उंच नटामुळे बेसूर वाजणारा कॉर्ड महागड्या पिकअपमधून आणखी स्पष्ट बेसूर ऐकू येतो. जुने भाग मात्र पिशवीत नावं लिहून ठेवा, कधी विकायची वेळ आली तर गिटार मूळ रूपात परत करता येते.

आणि खोकं परतीची मुदत संपेपर्यंत माळ्यावर ठेवा. आतल्या थर्माकोलसकट.